धामणगावचा सर्वश्रेष्ठ सेंटर

सकाळी साडेसहाला खुशालराव गावंडे यांनी अंगणात उडी मारली आणि दोडक्याच्या वेलाचा अख्खा मांडव अंगावर घेऊन ते खाली बसले.

आवाज ऐकून जमुनाबाई बाहेर आल्या. नवऱ्याच्या डोक्यावर वेल, मांडीवर तीन दोडके आणि चेहऱ्यावर समाधान.

"काय झालं?"

"काई नाई. हात पुरते का पाहून राहिलो होतो."

"मंग? पुरला?"

"पुरला म्हणून तं पडला ना मांडव!"

जमुनाबाईंनी दोडके उचलले आणि भाजीला घेऊन गेल्या. चोपन्न वर्षांचा, सहा फूट दोन इंच उंचीचा, चौदा एकर काळ्या जमिनीचा धनी सकाळी सकाळी उड्या का मारतो, हे त्यांनी विचारलं नाही. आदल्या संध्याकाळची भांडणं त्यांनी घरी बसून ऐकली होती. मैदान घरासमोरच होतं.

धामणगाव रेल्वेच्या नवजवान क्रीडा मंडळाला त्या २००६ सालच्या जानेवारीत पन्नास वर्षं पूर्ण होत होती. त्यानिमित्त मैदानाला लोखंडी गेट बसलं होतं आणि गेटवर मंडळाच्या आजवरच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूचं नाव लागणार होतं. मंडळ बास्केटबॉलचं. तिथे सर्वश्रेष्ठ म्हणजे सेंटरच. संघातला सगळ्यात उंच गडी, रिंगखाली पाय रोवून उभा राहणारा. बाकीच्यांनी धावायचं, सेंटरनं दिसायचं, अशी गावाची खेळाबद्दल साधारण समजूत होती. आणि गावानं असे सेंटर दोनच पाहिले होते. सत्तर ते अठ्ठ्याहत्तर खुशालराव. चौऱ्याण्णव ते दोन हजार एक शाकीब.

शाकीब रहमतुल्ला मास्तरांचा मुलगा. मास्तर शिंपी, उंची पाच फूट तीन. पोरगा सहा फूट चार. वडील मुलाचं माप स्टुलावर चढून घेत. शाकीबचं स्टेशन रोडला सायकलचं दुकान होतं आणि दुकानात एकच फोटो होता. अठ्ठ्याण्णव साली रिंगला दोन्ही हातांनी लटकलेला तो स्वतः.

"काकाजी," तो आदल्या संध्याकाळी म्हणाला होता, "तुमी मोठेच. पण तुमच्या टायमाले समोरचा सेंटर किती उंच राहे? पाच फूट सात! त्याच्यावरून तं आमची बकरीबी बॉल टाकीन."

"अबे, आमचा बॉल चामड्याचा राहे! पाऊस पडला का टरबुजासारखा जड. तुमचा रबराचा, फुगा हाय फुगा! अन् आमी मुरमावर खेळो. पडलो का गुडघ्यातून खडे काढत बसा."

"मी रिंगले लटकलो हाय काकाजी. सगळ्या गावानं पाह्यलं."

"मी मनगटापर्यंत रिंगच्या वर जाओ! तेबी सगळ्या गावानं पाह्यलं. ते गाव आता मेलं, त्याले मी काय करू?"

मैदानाभोवती शंभरेक माणसं हे ऐकत होती. त्या वर्षी जिल्ह्यात बोलण्यासारखं चांगलं फारसं काही नव्हतं. दर आठवड्याला कुठले तरी साहेब गाड्या घेऊन यायचे, गावोगाव विचारपूस करून जायचे. कापसाच्या भावाचा विषय मैदानात काढायचा नाही, हा मंडळाचा न लिहिलेला नियम होता. संध्याकाळचे दोन तास माणसं भाव विसरायला येत. त्यामुळे कोण मोठा सेंटर, हे भांडण गावानं चांगलं खतपाणी घालून वाढवलं. न्हाव्याच्या दुकानात दोन पक्ष झाले. आपापल्या पक्षाच्या वस्ताऱ्याखालीच दाढी होऊ लागली.

अध्यक्ष नत्थुजी, शाळेतले निवृत्त पीटी मास्तर. त्यांनी तोडगा काढला. "दोघाईनं रिंगखाली उडी मारा. ज्याचा हात वर, त्याचं नाव गेटवर."

"मी चोपन्नचा, तो एकतीसचा!" खुशालराव उसळले.

"मंग सवलत. वयाच्या दर वर्षाले एक बोट."

शाकीबनं हिशोब केला. "तेवीस बोटं? म्हणजे दीड फूट! असं असन तं आमचे दादाजान खाटेवर निजल्या निजल्या रिंगले हात लावतीन!"

वर्षाला अर्धं बोट ठरलं.

रविवारी सकाळी सगळं गाव मैदानात. बोटं मोजायची तर आधी रिंग मोजायला हवी, म्हणून नत्थुजींनी शिडी लावली आणि रहमतुल्ला मास्तरांच्या गळ्यातली टेप मागितली. मास्तरच चढले. माप घेण्याच्या बाबतीत ते दुसऱ्या कोणावर विसंबत नसत. टेप पाच फुटांची, म्हणून खांबावर खडूची खूण करून दोनदा लावली. मास्तर वरच थांबले. पुन्हा लावली. मग खाली उतरून त्यांनी चष्मा पुसला.

"नत्थुजी, रिंग किती पाह्यजे?"

"दहा फूट. साऱ्या दुनियेत दहा फूट."

"मंग हे दुनियेच्या बाहेर हाय. नऊ फूट चार इंच."

नत्थुजींनी स्वतः मोजलं. नऊ-चार. आणि मग त्यांचाच चेहरा पडला, कारण ते आठ इंच कुठे गेले, हे त्यांनाच ठाऊक होतं. एकोणनव्वद साली त्यांनी दहा फूट मोजून खांब गाडला होता. नंतर वर्गणी चांगली जमली, म्हणून खांबाभोवती मैदानावर आठ इंच काँक्रीट ओतलं. जमीन वर आली, रिंग होती तिथेच राहिली.

"म्हणजे हा लटकला, तो बुटक्या रिंगले लटकला!" खुशालरावांनी दोन्ही हात वर केले. "आठ इंच उधारीवर! आमच्या टायमाले काँक्रीट नोतं!"

त्यांच्या पक्षानं शिट्ट्या मारल्या. शाकीब खाली मान घालून उभा राहिला. लेकराची ती मान रहमतुल्ला मास्तरांना पाहवली नाही. ते मंडळाच्या खोलीत गेले आणि भिंतीवरचा जुना फोटो काढून आणला. पंच्याहत्तर सालचा संघ. मधोमध रिंगखाली खुशालराव, टाचा जमिनीवर, हात वर.

"खुशालभाऊ, गुस्सा नका करू. पण तुमच्या हाताचं माप मी तीस वर्षं घेऊन राहिलो. तुमी उभ्यानं हात वर केला का आठ फूट दोन इंच होते. अन् इथी बोटाच्या वर रिंग किती? पाहा, एक वीत. म्हणजे किती झाले?"

खुशालरावांनी गणित केलं नाही. पण गावानं केलं, आणि मोठ्यानं. "नऊ फूट! नऊबी नाई!"

याचाही उलगडा नत्थुजींनाच करावा लागला. तेव्हाचा खांब सागवानी होता. त्याला खालून वाळवी लागे. दर दोन वर्षांनी ते कुजलेला भाग करवतीनं कापत आणि उरलेला खांब पुन्हा गाडत. तो दरवेळी दोन-चार बोटं बुटका होतो, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण पोरांचे गोल वाढत होते, म्हणून ते गप्प राहिले.

आता दोन्ही सेंटर एकाच बाकावर एकमेकांच्या शेजारी बसले. कोणीच शिट्टी मारली नाही.

"तरीच," शाकीब हळूच म्हणाला, "अकोल्याले आपले सगळे बॉल रिंगच्या अलीकडे पडत."

ते खरं होतं. पन्नास वर्षांत मंडळ अकोल्यात एकही सामना जिंकलं नव्हतं. दरवेळी बॉल रिंगच्या अलीकडे पडे आणि परतीच्या गाडीत वेगळं कारण निघे. पाणी बदललं, पंच त्यांचा होता, सांभारवडी जास्त झाली. एका वर्षी तर अकोल्याची हवाच जड आहे, असं सर्वानुमते ठरलं होतं. आणि सव्वीस जानेवारीला त्याच अकोल्याचे माजी खेळाडू सुवर्णमहोत्सवी सामना खेळायला धामणगावला येणार होते.

"अकोल्याची रिंग बराबर होती," मागून आवाज आला. जमुनाबाई चहाची किटली घेऊन आल्या होत्या. "मी तं लग्न होऊन आली तवाच म्हटलं होतं, का तुमची रिंग खाली हाय."

"तुले काय समजते त्यातलं?"

"मी शाळेची सेंटर होती ना. तीन वर्षं."

खुशालरावांनी बायकोकडे वर पाहिलं. बसल्या जागेवरून त्या बऱ्याच उंच दिसत होत्या. पाच फूट दहा. लग्नात 'जोडा शोभते' एवढंच सगळे म्हणाले होते.

"तू मले कधी सांगतलं नाई!"

"तुमी विचारलं कवा? तीस वर्षं तुमच्याच मनगटाचं ऐकून राहिली."

दुसऱ्याच दिवशी वेल्डरनं रिंग आठ इंच वर चढवली. दहा फुटांवरची ती रिंग गावाला मोबाइलच्या टॉवरसारखी वाटू लागली. खुशालरावांनी दहा बॉल टाकले, दोन गेले. शाकीबचे तीन. मग जमुनाबाईंनी पदर कमरेला खोचला, मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट चढवले आणि रिंगकडे पाठ करून उभ्या राहिल्या. बॉल एका हातात, डावा खांदा पुढे, अर्धी गिरकी आणि उजवा हात कानाजवळून वर. जाळी हलली. दहापैकी सात.

"काकू," शाकीब म्हणाला, "तुमी रिंगकडे पाह्यलंबी नाई!"

"आमच्या बाई म्हनत, रिंगकडे काय पाहता, ती कोठी जात नाई. समोरच्याकडे पाहा."

सामन्याला नऊ दिवस उरले होते. नऊ सकाळी जमुनाबाईंनी दोन्ही सेंटरना रिंगखाली घासलं. "काकाजी वर फेका" म्हणणारा शाकीब आणि "तू बाजूले हो" म्हणणारे खुशालराव, दोघंही "हो जी" एवढंच म्हणू लागले. नवऱ्यावर ओरडायची अशी सोय गावात दुसऱ्या कोणत्याच बाईला नसल्यानं रोज सकाळी मैदानाच्या तारेबाहेर बायकांची गर्दी वाढत गेली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. गेटच्या उद्घाटनाला येणारे उपविभागीय अधिकारी आले नव्हते, म्हणून सामना आधी लावला. आणि चमत्कार म्हणजे धामणगावचे बॉल रिंगमध्ये पडू लागले. अकोल्याचा कप्तान, ढेरी सुटलेला एक वकील, पुन्हा पुन्हा रिंगकडे पाहू लागला. इथली बुटकी रिंग त्यालाही पक्की पाठ होती, आणि आज त्याचेच बॉल अलीकडे पडत होते.

शेवटची चार मिनिटं राहिली तेव्हा अकोला तीस, धामणगाव सव्वीस. खुशालरावांचा श्वास धामणगावच्या मालगाडीसारखा चालला होता. बदली खेळाडू एकच होता आणि तो साहेबांची वाट पाहायला फाट्यावर गेला होता. खुशालरावांनी पंचाला हात दाखवला, डगमगत बाजूच्या रेषेपर्यंत आले आणि म्हणाले,

"जमुना, जा."

"मी?"

"दुसरी कोणती सेंटर हाय आपल्याजवळ?"

वकील धावत आला. "हे चालणार नाही! सामना माजी खेळाडूंचा आहे. वहिनी तुमच्या मंडळाच्या माजी खेळाडू नाहीत."

"बराबर हाय," जमुनाबाई बुटाची नाडी बांधत म्हणाल्या. "मी अकोल्याची माजी खेळाडू हावो. मंग तुमच्याकडून खेळू का?"

वकिलानं थोडा विचार केला आणि धामणगावकडूनच खेळण्याची परवानगी दिली.

पहिला बॉल मिळाला तेव्हा अकोल्याचा कोणी त्यांच्या फार जवळ गेला नाही. परक्या बाईला अडवायचं कसं, हा प्रश्न होता. जाळी हलली. दुसऱ्या वेळी दोघं अडवायला आले. जमुनाबाईंनी मान डावीकडे वळवली, दोघं डावीकडे गेले आणि बॉल उजवीकडून वर गेला. तीस-तीस. तारेबाहेरच्या बायका आता तारेच्या आत होत्या. शेवटच्या मिनिटात तिघांनी त्यांना घेरलं. जमुनाबाईंनी न पाहता बॉल पाठीमागून सोडला. तिथे एकटा मोकळा शाकीब उभा होता.

"बोर्डावर!" बाजूच्या रेषेवरून खुशालराव बेंबीच्या देठापासून ओरडले. "शाकीब, बोर्डावर मार बेटा!"

बॉल बोर्डाला लागून आत पडला. बत्तीस-तीस. शिट्टी वाजली.

दहा फुटी रिंगवर अकोल्याला हरवलं, पन्नास वर्षांत पहिल्यांदा! रहमतुल्ला मास्तर स्टूल नसताना मुलाच्या गळ्यात पडले, म्हणजे शाकीबनं त्यांना उचलून घेतलं. खुशालराव मधोमध उभे राहून भेटेल त्याला सांगत होते, "पाह्यलं का? तो पास पाह्यला का?" वकिलानंही जमुनाबाईंना नमस्कार केला आणि त्यांच्या शाळेचं नाव विचारून घेतलं. निदान अर्धा विजय अकोल्याचा आहे, हे त्याला घरी सांगायचं होतं. नत्थुजींनी पेंटरला बोलावलं. कोणाला काही विचारावं लागलं नाही.

साहेबांची जीप आली तेव्हा अक्षरं अजून ओली होती. साहेब पुण्याकडचे, नवीन होते, सकाळपासून तीन गावं फिरून दमले होते. त्यांनी पडदा सरकवला, बोटाला लाल रंग लागला, आणि त्यांनी वाचलं, 'जमुना प्रवेशद्वार'.

"वा, छान!" साहेब म्हणाले. "नदीचं नाव दिलंत."

"नदी नाई साहेब," खुशालराव पुढे झाले. "माही बायको हाय. धामणगावची सर्वश्रेष्ठ सेंटर."

साहेबांनी त्या घामानं निथळणाऱ्या, सव्वासहा फुटी माणसाकडे खालून वर पाहिलं.

"असं? आणि आपण?"

खुशालरावांनी बनियनची बाही सारखी केली आणि छाती पुढे काढली.

"मी तिचा बदली खेळाडू."