आबा आणि चोवीस तासांचा नळ

बोट कुठल्याही गावाला लागो, धक्क्यावर पाय ठेवताच आबांचा पहिला प्रश्न एकच. गावाचं नाव नाही, देश कुठला तेही नाही; इथं नळाला पाणी कधी येतं, एवढंच. "आठे नळ कव्हय येस?"

आबा म्हणजे माझे सासरे. दोंडाईच्याला त्यांचं मिरचीचं दुकान, आता पुतण्या बघतो. तिथं नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं. मी जळगावचा. लग्नानंतर वैशालीनं आणि मी पुण्यातला फ्लॅट विकला, एक जुनी शिडाची बोट घेतली आणि तुर्कस्तानच्या किनाऱ्यानं फिरत तिच्यावरच राहू लागलो. आज या मरिनात, आठवड्यानं पुढच्या. मरिना म्हणजे बोटींचं एसटी स्टँड. बोट बांधायची, वीज-पाणी घ्यायचं, लॅपटॉप उघडला की ऑफिस सुरू. आम्हाला हे झकास वाटत होतं. आबांना एवढंच कळलं की एकुलत्या एका लेकीला घरदार राहिलं नाही. दोन वर्षं ते माझ्याशी धड बोलले नाहीत. फोन मी उचलला की "वैशूले द्या" म्हणायचे.

गेल्या वर्षी अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या. यंदा आबा महिनाभर येतो म्हणाले, आणि येण्याआधीच सांगून मोकळे झाले, "येताना एकला येस. जाताना पोर संगे लई जासू." वैशालीनं त्यांचं तिकीट काढलं. विमानतळावर आम्ही दोघं त्यांना घ्यायला गेलो.

आबा उतरले ते बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, दोन डबे, मसाला आणि पितळी तांब्या घेऊन. धक्क्यावरचा नळ दिसताच त्यांनी तो प्रश्न विचारला. "चोवीस तास असतो, आबा," मी म्हणालो. ओली मिरची सुकी म्हणून खपवणाऱ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बठ्ठं भरी ल्या," ते म्हणाले, "मंग दखू."

सकाळी उठलो तर बोटीत पाय ठेवायला जागा नाही. कुकर, कढई, किटली, चहाचे कप, सगळं काठोकाठ. माझे गमबूटसुद्धा. बाहेर आलो तर बोटीमागे बांधलेली आमची रबरी होडीही भरलेली. समुद्रात नांगर टाकला की किनाऱ्यावर जायला तीच एक होडी. तिच्याशेजारी आबा हातात पाइप धरून बसले होते. अख्ख्या गल्लीच्या आधी आपला नंबर लागावा तसा त्यांचा चेहरा खुलला होता.

"एवढी मोठी टाकी रिकामी पडेल व्हती," ते मला म्हणाले, जरा रागावूनच.

मी बादली घेऊन पाणी उपसायला गेलो. आबांनी हात धरला. "हाई गोडं पानी शे. समिंदरमा फेकशात?"

फेकलं नाही. बोटीवर मिठाचा थर साचला होता, तो आबांनी त्या पाण्यानं धुऊन काढला. पाणी उरलं म्हणून शेजारची बोट धुतली, मग तिच्या पलीकडची. शेजारी हेल्गा नावाची एक जर्मन आजी राहायची. ती आबांसाठी केक घेऊन आली, आबांनी तिला बिबडे दिले. ती जर्मनमध्ये बोलत होती, आबा अहिराणीत, आणि दोघांचं तासभर अगदी उत्तम चाललं होतं. चार दिवसांत सगळा मरिना त्यांना आबा म्हणू लागला.

आठवड्यानं आबांना घेऊन आम्ही निघालो, आणि खरी गंमत समुद्रात झाली. मागे पुण्याचे माझे मित्र आले होते तेव्हा बोटीची टाकी दोन दिवसांत कोरडी पडली होती. आबा तीन तांब्यांत आंघोळ करायचे, भाजी धुतलेल्या पाण्यानं ताटं विसळायचे. गाडी लागते तशी बोटही त्यांना लागत नव्हती, कारण उभा जन्म काळ्यापिवळ्या जीपमागे लटकून गेलेला. मला हे कबूल करायला जड जातं, पण आमच्या तिघांत खरा खलाशी तेच होते.

निघाल्यापासून सहाव्या दिवशी दुपारी मी टाकी तपासली. निम्मी शिल्लक होती.

"मंग आते कोठे जाशात?" आबांनी विचारलं.

"कुठेही," वैशाली म्हणाली. "पाणी आपल्याबरोबरच आहे, आबा."

आबांनी पितळी तांब्या मांडीवर घेतला. मग म्हणाले, "तुन्ही माय चाळीस वरीसमा एक रात बाहेर राहिनी नही. निघू म्हनूत, ते नेमका नळना दिन ऱ्हाये. समिंदर दखाडसू म्हनेल व्हतं तिले." पुढे म्हणाले, "ती गई, तरी मी तिना बारा हंडा भरस. एकला मानूसले कितलं पानी लागस? पन रिकामा हंडा दखावत नही."

वैशाली त्यांच्या जवळ सरकून बसली. या माणसाला मी दोन वर्षं नुसता हट्टी समजत होतो, त्याची मला लाज वाटली.

महिना संपला, आम्ही पहिल्याच मरिनात परत आलो. वैशालीनं बॅग भरली नव्हती आणि आबांनीही तो विषय काढला नव्हता. मला वाटलं, शेवटच्या दिवशी काढतील. त्या सकाळी त्यांनी आपली पिशवी धक्क्यावर ठेवली आणि सांगितलं, "विमानतळवर कोणी येऊ नका, मी टॅक्सीमा जास. वारा चांगला शे. तुम्ही आधी निघा."

आम्ही पुष्कळ आढेवेढे घेतले. ते ऐकेनात. हेल्गा त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. मी इंजिन सुरू केलं. आबा खाली वाकले, आमचा दोर खुंट्यावरून त्यांनीच सोडवला, महिनाभरात शिकले तसा नीट गुंडाळला आणि क्षणभर हातात धरून ठेवला. मग तो वैशालीकडे टाकला.

"जाय, पोरी," ते म्हणाले. "मी आठेच उभा शे."