भुऱ्याची सव्वा मूठ

सुलक्षणाने मांजराचं तोंड उघडलं, भूषणने गोळी आत टाकली, मांजराने तोंड मिटून घेतलं आणि नवराबायकोने सुटकेचा श्वास सोडला. मांजरानेही सोडला. त्याच श्वासाबरोबर गोळी भूषणच्या इस्त्रीच्या शर्टावर येऊन पडली.

"ही चौथी," भूषण म्हणाला. "एवढ्या गोळ्यांत माणूस बरा होऊन कामावर गेला असता."

"माणूस गोळी गिळतो. धर नीट. मान नको रे, खांदे धर! टॉवेलात गुंडाळ त्याला."

टॉवेलात गुंडाळलेल्या त्या जिवाचं नाव होतं भुऱ्या. धुळ्याच्या बाहेर महामार्गावर एका ढाब्यासमोर उभ्या असलेल्या ट्रकच्या बॉनेटमधून सुलक्षणाने त्याला ओढून काढलं होतं. मागचा एक पाय मोडलेला. आता त्या पायाला प्लास्टर होतं आणि जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा मोठा भोंगा होता. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि तेवढ्यात सुलक्षणाने अकरा मांजरं अशीच वाचवून चांगल्या घरी दिली होती. धुळ्यातल्या त्यांच्या देवपूरमध्ये कुणाच्या छपरावर मांजर अडकलं तर लोक अग्निशमन दलाआधी देवरेंच्या सुनेला फोन करत.

पण भुऱ्याची लक्षणं ठीक नव्हती. त्याने तीन दिवस काही खाल्लं नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मांजर उपाशी राहिलं की लिव्हर जातं. उद्या दुपारपर्यंत स्वतःहून खाल्लं तर ठीक. नाहीतर सलाईनला आणा, पण मग मी भरवसा देत नाही." सुलक्षणाने काय काय करून पाहिलं! त्यात श्रावण. देवरेंच्या घरात श्रावणात अंड्याचं नावही कुणी काढत नाही. मांजराच्या खाण्याच्या पाकिटावर माशाचं चित्र होतं, म्हणून तिने त्यावर गणपतीच्या कॅलेंडरचा कागद चिकटवला होता. भुऱ्याने ते पाकीट हुंगलं आणि तोंड फिरवलं.

आणि नेमके अशा वेळी, शनिवारी सकाळी, शिंदखेड्याकडच्या गावाहून सुकदेव आबा आले.

आबा म्हणजे भूषणचे थोरले काका, अख्ख्या देवरे भाऊबंदकीतले सगळ्यात वडील. दरवर्षी श्रावणात कानबाई, म्हणजे नारळाच्या रूपात पूजायची खानदेशची देवी, भूषणच्या घरी बसे आणि तिचे नियम आबांच्या तोंडी असत. त्यांनी गव्हाचं पोतं ओट्यावर टेकवलं, घाम पुसला आणि समोर बघितलं. समोर भोंगा घातलेलं मांजर.

"हाई काय शे?" आबा म्हणाले. "लाउडस्पीकर का मांजर?"

"आबा, आजारी आहे हो. पाय मोडलाय."

"पाय मोडू दे. उद्या घरमा कानबाई बसनार. रोटना सैपाक व्हनार. मांजर बाहेर पाहिजे." आणि मग थोडं मऊ होऊन, "सूनबाई, तुले नियम माहीत शे ना?"

माहीत नसायला काय झालं! पहिल्याच वर्षी तिच्याकडून पाठ करून घेतला होता. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे. त्याच्याच पिठाचे तूप लावलेले जाड रोट, सोबत खीर. आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. बाहेरच्याच्या तोंडी घास गेला की रोट बाटला, आणि रोट बाटला की वर्षभर घराण्याचं काही खरं नाही.

सुलक्षणाने जळगावच्या मैत्रिणीला, मोनालीला फोन लावला. मोनालीकडे आधीच सतरा मांजरं होती. "आण गं अठरावं," ती म्हणाली, "पण मी सोमवारी गावाहून येतेय. आणि खाल्ल्याशिवाय इतका प्रवास नको घडवूस त्याला. रस्त्यातच जाईल."

सुलक्षणा स्वयंपाकघरात आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कमलबाई, तिची सासू, गिलकी निवडत होती. कमलबाईला मांजरं मुळीच आवडत नसत. तिने वर न बघता विचारलं, "गेलं का ते?"

"कुठे जाणार, आई? मरेल ते."

कमलबाईने दोन गिलकी निवडली. तिसरं हातात धरून म्हणाली, "गच्चीवरच्या खोलीत कुणी जात नाही. मला काही माहीत नाही, बरं का. मी तुला काही बोलले नाही."

दुपारी गहू मोजायला बसले. कमलबाई सूप धरून बसली. आबा पोत्यात हात घालत, एकेक नाव घेत आणि सुपात मूठ टाकत. वर सव्वा पुरी करायला एक चिमूट. नारायण. मग पंडित. मग पंडितचे दोघे मुलगे. सव्वीस नावांपर्यंत गाडी सुरळीत होती. तेवढ्यात वर गच्चीच्या खोलीत आवाज झाला. टक्. टक्. टक्. प्लास्टर फरशीवर वाजत होतं.

"काय आवाज शे हाऊ?" आबांचा हात पोत्यातच राहिला.

सुलक्षणाने भूषणकडे पाहिलं. भूषणने खोकायला सुरुवात केली. कमलबाई शांतपणे म्हणाली, "शेजारी फरशी बसवताहेत."

"शनिवारी?"

"त्यांचा मिस्तरी रविवारी सुट्टी घेतो."

आबांना ते पटलं. पण मोजणीचं मात्र वाटोळं झालं होतं. "भूषणनी मूठ टाकी का मी?" कुणी म्हणालं टाकली, कुणी म्हणालं नाही. सुपातले गहू काही नाव सांगत नाहीत. शेवटी आबांनी आणखी एक मूठ घेतली आणि ऐटीत सुपात सोडली. "कमी नको पडाले. जास्ती चाली. ज्यानी व्हई, तो यी खावाले!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन मिशीवर हात फिरवला.

रविवार उजाडला. केळीच्या खांबांमध्ये चौरंगावर कानबाई बसली. नारळाला नथ, नारळाला हिरवी साडी, काय रूप दिसत होतं! घरात पाय ठेवायला जागा नव्हती. स्वयंपाकघरात रोटांची चळत रचलेली, बाजूला खिरीचं मोठं पातेलं. आरतीला अजून दहा मिनिटं होती.

"गोळीची वेळ झाली," सुलक्षणा भूषणच्या कानात कुजबुजली. "तू जा. मी निघाले तर सगळ्यांना कळेल."

भूषण हुशार माणूस. त्याने ठरवलं, गोळीला तूप लावू, म्हणजे सरकन उतरेल. बोटभर तूप घेऊन तो वर गेला. भुऱ्याने गोळी पाचव्यांदा थुंकली. पण बोटाला लागलेलं तूप त्याने हुंगलं, आणि मग जरा वेळाने एकदा चाटलं. भूषण आनंदाने ओरडणारच होता, इतक्यात खालून आबांची हाक आली, "भूषण! आरती धर रे! कोठे गया?" भूषण धावला. दाराला कडी लावायची राहिली.

आता तुम्हीच सांगा, चार दिवसांच्या उपाशी जिवाच्या जिभेला तूप लागलं आणि खालून तुपाचाच घमघमाट येतोय, तर तो काय करेल?

दिवाणखान्यात आरती रंगली. टाळ वाजत होते, टाळ्या वाजत होत्या. जिन्यावरून टक् टक् करत एक प्लास्टर उतरलं ते कुणाला ऐकू जाणार! नैवेद्य झाला, आबांनी नारळापुढे डोकं टेकलं आणि म्हणाले, "चला, वाढा." भूषणची चुलत काकू प्रमिलाबाई ताटं घ्यायला स्वयंपाकघरात गेली.

"माय वं!"

सगळे धावले. दारात गर्दी झाली. आत भुऱ्या ओट्यावर होता. मोडका पाय बाजूला पसरून, भोंगा खिरीच्या पातेल्यात बुडवून तो बाहेर काढत होता आणि भोंग्यात साठलेली खीर आतल्या आत चाटत होता. डॉक्टरांनी अडचण व्हावी म्हणून घातलेला भोंगा त्याने खीर वाढायच्या डावासारखा वापरला होता. शेजारी वरच्या रोटाचा अर्धा चंद्र उरला होता.

घरात इतकी शांतता झाली की चाटण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला.

आणि त्या शांततेत सुलक्षणा टाळ्या पिटून ओरडली, "खाल्लं! अहो, खाल्लं त्यानं! स्वतःहून खाल्लं!" ती रडत होती आणि हसत होती. तिला कानबाई दिसेना, आबा दिसेनात, दारातली पंचवीस तोंडं दिसेनात.

"हासी काय ऱ्हायनी?" आबांनी कपाळावर हात मारला. "रोट बाटी गया! पन्नास वरीस मी हाई कानबाई सांभाळी, एक घास बाहेर गया नही. आते काय करानं?"

सुलक्षणा भानावर आली. तिने भुऱ्याला उचललं, खिरीसकट पोटाशी धरलं. "आबा, चुकलं माझं. तुम्ही सांगितलं होतं, तरी मी लपवला. मी त्याला घेऊन आत्ता निघते. पण त्याला मारू नका कुणी. चार दिवसांनी पोटात घास गेलाय त्याच्या."

दुसरे रोट करावेत तर गहू एकदाच मोजतात. नाही करावेत तर सगळं घराणं उपाशी. प्रमिलाबाई आताच कुणाकुणाला काय काय होणार याची यादी सांगू लागली होती. तेव्हा मागून कमलबाई पुढे आली. थोरल्या दिरासमोर तिचा आवाज कधी चढत नसे. आजही चढला नाही. पदर सारखा करून ती म्हणाली,

"आबा, काल एक मूठ जास्त पडली ना?"

"पडनी. मंग?"

"कुणाची होती ती?"

आबांनी दारातली तोंडं पाहिली. भूषणने बोटांवर मोजत सगळी नावं पुन्हा घेतली. सगळ्यांची मूठ होती. एक उरत होती.

"तुम्हीच म्हणालात, ज्याची असेल तो येईल खायला." कमलबाईने भुऱ्याकडे बोट केलं. "हा आला. सगळ्यांच्या आधी आला."

आबांनी मिशीकडे हात नेला आणि खाली घेतला. त्यांचा शब्द म्हणजे भाऊबंदकीत शेवटचा शब्द. तो स्वतःच खोटा कसा पाडायचा? ते नारळाकडे बघून आले. परत येऊन भुऱ्याकडे बघितलं. भुऱ्याने भोंग्यातून त्यांच्याकडे पाहून मिशी चाटली.

"बोलनू व्हतू मी," आबा शेवटी म्हणाले. "कानबाईसमोर बोलनू व्हतू." मग घसा खाकरून विचारलं, "नाव काय शे त्यानं?"

"भुऱ्या."

"भुऱ्या सुकदेव देवरे," भूषण म्हणाला.

"बापनं नाव कसाले लावस रे!" आबा ओरडले, आणि सगळं घर हसत सुटलं. हसता हसता जेवणं झाली. खीर मात्र नवी करावी लागली, कारण भाऊबंद असला तरी त्याने त्यात भोंगा बुडवला होता. जेवून उठताना आबांनी सुलक्षणाला बजावलं, "आते त्याले कोनाले देवानं नही. भाऊबंदले कोनी घराबाहेर काढस का?" जळगावच्या मोनालीला अठरावं मांजर मिळालं नाही ते नाहीच.

पुढचा श्रावण आला. भुऱ्या किंचित लंगडत होता, पण अंगाने भोपळा झाला होता. आबांनी गव्हाचं पोतं आणलं, तेव्हा तो पोत्यावरच जाऊन झोपला. त्याला सरकवून आबा मोजायला बसले, कमलबाई सूप धरून बसली. नावं झाली. "भूषण," आबा म्हणाले आणि मूठ टाकली. "भुऱ्या," म्हणाले आणि मूठ टाकली. वर चिमूट. हात झटकून ते उठू लागले.

कमलबाईने सूप मागे घेतलं नाही.

"झायं बठ्ठं," आबा म्हणाले.

"नाही झालं." कमलबाई सुपातच बघत होती. "बत्तीस वर्षं हे सूप मी धरते. दळते मी, थापते मी. बत्तीस वर्षांत माझ्या नावाची मूठ नाही पडली, आणि मी कधी काही म्हटलं नाही. पण आता मांजराची पडली. मला वाईट वाटलं, आबा."

"बायासनी मूठ ऱ्हास नही, कमलबाई. नियम शे."

"मांजराची असते?"

आबा पुन्हा खाली बसले. त्यांनी पोत्यात हात घातला. भुऱ्या त्यांच्या मांडीला पाठ लावून घुरघुरत होता. मग आबांनी भरगच्च मूठ काढली, सुपावर धरली आणि धाकट्या भावजयीचं नाव आयुष्यात पहिल्यांदा नुसतंच घेतलं. "कमल." त्यामागून दुसरी मूठ पडली. "सुलक्षणा." आणि मग प्रमिलेपासून घराण्यातल्या शेवटच्या सुनेपर्यंत ते थांबलेच नाहीत. चिमूट टाकायला विसरले, तर कमलबाईने आठवण करून दिली.

सूप शिगोशीग भरलं. कमलबाईने पदराने डोळे पुसायला एक हात सोडला आणि भूषणला हाक मारली.

"धर रे जरा. यंदा जड झालंय."