सात्यावाली वच्छलाबाई

आमच्या शेजारच्या वच्छलाबाईंचे गुडघे वर्षभर ठणठणीत असतात. दुखतात ते फक्त सात्या उगवल्या की.

सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणारी रानातली अळिंबी. तिच्या रश्श्यापुढे मटणानं मान खाली घालावी! ज्याला वारूळ ठाऊक, तो पोटच्या पोरालाही पत्ता सांगत नाही, अशी आमच्याकडची रीत. वच्छलाबाई तर त्यात उस्ताद. धुतलेलं लुगडं, हातात छत्री, काखेत पिशवी आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असा पुकारा, "गडचिरोलीले चालली वो, दवाखान्यात! गुडघे लय दुखून राह्यले!"

झालं! अर्ध्या गावाला रोग जडतो. किसनभाऊची दाढ ठणकते, कोणाच्या कानात किडा जातो, माझं पोट दुखतं. सगळे त्याच एसटीत. बाई जंगलाच्या वळणावर उतरल्या, की मागोमाग सगळा दवाखाना उतरतो. कंडक्टर कपाळावर हात मारून घेतो.

मग बाई आम्हाला काट्याकुट्यातून, नाल्यातून फिरवतात. मध्येच वळून ओरडतात, "काऊन रे माह्या मागं मागं येता? दुसरा धंदा नाई का?" एकदा तर एका मोहाच्या झाडाला इतक्या चकरा मारायला लावल्या, की मागच्या बायांना वटसावित्री आठवली. तेवढ्यात बाई गायब! संध्याकाळी त्या फुगलेली पिशवी पदराखाली झाकून घरी, आणि आम्ही हात हलवत.

यंदा मी हट्टालाच पेटलो. बाकीचे दमून परतले, मी झुडपामागे दबा धरून बसलो. बाई एकट्या निघाल्या, तसा मी मागे. आज काही ही म्हातारी सुटत नाही म्हटलं!

त्या थांबल्या तिथे वारूळच नव्हतं. रस्त्याच्या कामासाठी कोणीतरी केव्हाच माती उकरून नेलेली, खड्ड्यात नुसतं पाणी. बाईंनी पळसाची पानं तोडली आणि पिशवी फुगेपर्यंत भरली.

मला पाहून दचकल्या.

"बाई, सात्या नाईत, तं एवढी वणवण काऊन करता?"

"घरी कोण हाय माह्या?" त्या खाली बसल्या. "सालभर कोणी दारात उभं राहत नाई. या दिवसात सारं गाव इचारते, वच्छलाबाई कुठी चालली. वारूळ गेलं म्हणून सांगतलं, तं माह्या मागं कोण येईन रे?"

मी हात देऊन त्यांना उठवलं. त्यांच्यासोबतच एसटी धरली.

गावात उतरताच किसनभाऊ धावत आला. "सापडली का जागा?"

"हुकली राजेहो!" मी म्हटलं. "बुढी लय चालाख हाय. पुढच्या खेपेले अजून चार जण घेऊन जाऊ."