सहीअप्पांचा चौथा रकाना

सामना संपवून खेळाडू मैदानाबाहेर येतो. गुडघ्याला माती, अंगावर घामाच्या धारा, तोंडातून शब्द फुटत नाही इतकी धाप. लोक टाळ्या वाजवतात, पाठ थोपटतात. आणि आमचे अप्पा त्याच्यापुढं रजिस्टर उघडून विचारतात, "कायम का टेम्परवारी?"

बिचाऱ्याला प्रश्नच कळत नाही. मग अप्पा खुलासा करतात, की बाबा रे, हॉकी खेळायचा तुला पगार मिळतो ना, त्या नोकरीवर तू कायम आहेस का हंगामी? हंगामी निघाला की अप्पा रजिस्टर मिटतात. हौशी असला तर उघडतच नाहीत, मग तो देशाकडून खेळून आलेला का असेना. मला एकदा म्हणाले, "हौस लई जनाला असती बाई. हौशीच्याच सह्या घ्यायच्या तर भजनी मंडळानं काय घोडं मारलंय?"

वीरभद्रप्पा हे त्यांचं नाव. मूळचे उदगीरचे, लग्न न केलेले, लातूरच्या कलेक्टर कचेरीत आवक-जावक कारकून. कचेरीत मात्र सगळे सहीअप्पाच म्हणायचे, काही तोंडावर आणि बाकीचे पाठीमागं. मी तिथली टायपिस्ट. औशाहून रोज एस.टी.नं उभ्यानं यायची. माझं टेबल त्यांच्या टेबलाला अगदी चिकटून होतं, कारण दोघांत मिळून टेबल एकच होतं.

जिल्हा नुकताच झाला होता ना! मिरवणूक निघाली, पेढे वाटले, भाषणं झाली, आणि मग लोकांच्या लक्षात आलं की जिल्ह्याला खुर्च्या नाहीत. पाण्याचं तर विचारूच नका. त्या साली पावसानं असं तोंड फिरवलं की नवा जिल्हा बघायलासुद्धा तो फिरकला नाही. कचेरीत नळाला नवीकोरी तोटी बसवली होती, येता-जाता लोक ती फिरवून बघायचे आणि हात तसेच कोरडे घेऊन कामाला लागायचे.

जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेले कागद पोत्यांनी आले होते. त्यावरचं जुनं नाव खोडून वर 'लातूर' लिहायचं काम अप्पांकडं. दिवसभर माणूस लातूर लातूर लिहून राहिला. आणि प्रत्येक खाडाखोडीशेजारी एक बारीक सही. मी म्हटलं, "अप्पा, एवढ्या सह्या कामून? कोण बघतंय?" तर चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाले, "चूक म्हंजे काय बाई? सही नसलेली दुरुस्ती." हे वाक्य त्यांनी मला आठवड्यातून निदान तीनदा ऐकवलं असेल.

तर असा हा माणूस, आणि ह्याला नाद हॉकीपटूंच्या सह्यांचा. दुसरं कुणी असतं तर छोटीशी गुळगुळीत वही घेतली असती. अप्पांनी घेतलं लाल कापडी पाठीचं कचेरी रजिस्टर. त्यात पट्टीनं आखलेले पाच रकाने. पहिल्यात सही. दुसऱ्यात पूर्ण नाव, सुवाच्य अक्षरात. तिसऱ्यात 'कायम' एवढाच शब्द. चौथ्यात वडिलांचं नाव व मूळ गाव. पाचव्यात शेरा. आणि सगळ्यावर शिक्का, 'समक्ष सही केली', तो गंजगोलाईच्या बाजारातून पदरमोड करून बनवून घेतलेला. शेरे वाचाल तर हसून पोट दुखेल. 'डाव्या हाताने सही केली, उजवा सुजलेला होता.' 'खेळाडू हरल्यामुळे रागात होता, सही त्यामानाने बरी.' 'वडिलांचे नाव विचारले असता प्रथम हसला, नंतर सांगितले.'

बरं, हॉकीतलं कळतं म्हणावं तर तेही नाही. बाकीची कचेरी क्रिकेटसाठी ट्रान्झिस्टरला कान लावून बसायची. कुणी मुद्दाम अप्पांना विचारायचं, "काय अप्पा, नांदेडच्या हॉकीत कोण जिंकलं?" अप्पा म्हणायचे, "ते आपल्या विषयात येत न्हाई." आमचे शिरस्तेदार देशमुख एकदा त्यांच्याबरोबर नांदेडला सामने बघायला गेले होते. परत आल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, तिकडं गोल होऊन राहिलेत, लोक टोप्या उडवायलेत, आणि हे गृहस्थ मैदानाकडं पाठ करून बसलेले! येणाऱ्या-जाणाऱ्याची तोंडं बघायलेत!" आम्ही चार दिवस हसलो. मी जरा जास्तच हसले, खोटं कशाला बोलू.

दरवर्षी नांदेडचे सामने आले की अप्पांची आठ दिवसांची रजा ठरलेली. त्या वर्षी मात्र दुष्काळापायी सगळ्यांच्या रजा बंद. अप्पांनी अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'हॉकी'. साहेबांनी अर्ज वाचला, अप्पांकडं बघितलं आणि म्हणाले, "इथं गावंच्या गावं टँकरच्या मागं पळायलीत आणि तुम्हाला हॉकी सुचतेय?" वर अप्पांना रविवारीसुद्धा टंचाई कक्षात फोनवर बसवलं. लोक फोन करून शिव्या घालायचे आणि अप्पा म्हणायचे, "शिवी नोंदवली. गाव सांगा."

त्या आठवड्यात अप्पा जेवले नाहीत. डबा उघडायचे, ज्वारीच्या भाकरीकडं बघायचे आणि झाकण लावायचे. मला वाटलं, एवढं काय बाई आभाळ कोसळलं, चार सह्या नाही मिळाल्या तर! तोंडानंही म्हटलं तसं. अप्पांनी पुढचा कागद ओढला आणि 'लातूर' लिहिलं.

शुक्रवारी मला म्हणाले, "बाई, तुमचं माहेर मुदखेडला न्हवं?"

हाय म्हटलं. भावाच्या मुलीचं बारसं होतं रविवारी, मी जाणारच होते.

"मग नांदेड वाटंतच." आणि रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. वर शिक्का, वर स्टॅम्पपॅड. "लई न्हाई. जे नवे आलेत तेवढ्याच घ्या. रकाना एकबी कोरा सोडू नका. चौथा तर सोडूच नका."

मी काय काय बोलले ते इथं सांगत नाही. बारशाला जाणारी बाई मी, पिशवीत टोपडं-झबलं, आणि मी परक्या मर्दांना गाठून त्यांच्या बापाची नावं विचारायची? अप्पा खाली मान घालून ऐकत होते. मग एवढंच म्हणाले, "ह्या वर्षी चुकलं तर राहूनच जाईल बाई." त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. घेतलं मी रजिस्टर. घेतलं आणि औशापर्यंत स्वतःला शिव्या दिल्या.

रविवारी बारसं उरकून मी भावाला घेऊन नांदेडच्या मैदानावर गेले. सामना चालू होता. भाऊ पुढं जाऊन ओरडायला लागला. मी सावली बघून बसले आणि वेळ जाईना म्हणून रजिस्टर चाळायला घेतलं. मागच्या पुठ्ठ्याला आतून एक खाकी लखोटा चिकटवलेला. आता लखोटा दिसल्यावर टायपिस्ट बाई उघडणार नाही असं होतंय का?

आत एक फॉर्म होता. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटत आलेला. मुंबईच्या एका संघात पगारी खेळाडू म्हणून घेण्याबद्दल. अर्जदार, शंकर शिवलिंगप्पा, राहणार उदगीर. वय सतरा. वडील, मयत. खाली 'पालकाची सही', आणि तिथं अप्पांची सही. लफ्फेदार, मी रोज बघत होते तीच. फक्त फॉर्मवरचं साल दहा वर्षांपूर्वीचं आणि सहीची शाई ताजी, निळीशार. सहीखाली तारखेची जागा कोरी होती.

शिवलिंगप्पा हे अप्पांच्या वडिलांचं नाव, म्हणजे हा शंकर त्यांचा धाकटा भाऊ. मी पानं परत चाळली. चौथा रकाना, चौथा रकाना, पानामागून पान. कुणाचा बाप हरनामसिंग, कुणाचा बाप पीटर, कुणाचा बाप अब्दुल. ज्या माणसाच्या रकान्यात 'शिवलिंगप्पा, उदगीर' येईल त्याची अप्पा वाट बघत होते. नाव बदलून खेळत असेल, दाढी वाढली असेल, दहा वर्षांत तोंडवळा ओळखू येणार नाही, पण बापाचं नाव कोण बदलतंय! आणि आम्ही चार दिवस हसलो होतो.

सामना संपला. सिकंदराबादच्या संघातला एक वयस्क गोलकीपर पॅड सोडत बसला होता. माझ्या हातातलं लाल रजिस्टर बघून तोच हसला. "ये फिर आ गया? काका नहीं आये इस साल? पाँच साल से मेरे वालिद का नाम पूछते. मैं बोला, काका, वालिद मेरे वहीच हैं, बदले नहीं."

मी सही मागितलीच नाही. सरळ विचारलं, "भाई, उदगीरका शंकर मालूम है क्या? हॉकी खेळता था."

"शंकर? हमारा लंगडा शंकर?" तो सहज म्हणाला. "लेफ्ट-इन. क्या खेलता था! घुटना गया उसका. अब हमारेच यहाँ स्टिका बांधता, सामान देखता. नांदेड का नाम निकालो तो उसका घुटना और दुखता, आता नहीं."

त्याच्याकडूनच कळलं, मुंबईला शंकर गेलाच नव्हता, पालकाच्या सहीचा कागद नव्हता ना हातात. सिकंदराबादला ह्यांच्या जुन्या उस्तादांनी त्याला कागदाविना ठेवून घेतलं. मी सगळं विचारून घेतलं. मग त्या गोलकीपरनं रजिस्टरकडं बोट दाखवून विचारलं, "काका को शंकर चाहिए था? तो पूछे क्यों नहीं मुँह से?"

पाच वर्षं ह्याच माणसासमोर अप्पा उभे राहिले, ह्याच्या बापाचं नाव लिहून घेतलं, शिक्का मारला आणि निघून गेले. कारकून माणूस! रकाना बरोबर आखला की माणूस आपोआप त्यात येतो, अशी त्यांची श्रद्धा. आणि तोंडानं विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं, तो कामून गेला ते.

सोमवारी कचेरीत गेले तर अप्पा माझ्या आधी येऊन बसलेले. रजिस्टर हातात घेतलं, शेवटचं पान काढलं. बोट थेट चौथ्या रकान्यावर. त्यात काहीच नव्हतं. "यप्पा! कोराच सोडला व्हय?" ते म्हणाले.

"शेरा वाचा," मी म्हटलं.

शेऱ्यात मी माझ्या अक्षरात लिहिलं होतं. शंकर शिवलिंगप्पा, उदगीर. मु. सिकंदराबाद. संघाच्या सामानावर. गुडघा अधू. लग्न झाले, एक मुलगी. खाली पत्ता.

अप्पांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत वाचलं. मला वाटलं आता रडतील. पण त्यांनी मान वर करून विचारलं, "कायम का टेम्परवारी?"

"कायम," मी म्हटलं. "दोनदा विचारलं मी."

तेव्हा कुठं त्यांचा बांध फुटला. एवढा मोठा माणूस, एवढ्या कचेरीदेखत. "मागच्या मोठ्या दुष्काळात म्या त्याला खडीच्या कामावर हजेरीचं मस्टर लिहायला लावून देत होतो बाई. टेम्परवारी! आन् तो म्हनत होता, अप्पा, हितं सही करा, मला खेळायचा पगार मिळायलाय. म्या म्हनलो, दांडू घेऊन कुनाचं पोट भरलंय? न्हाई केली सही. सकाळी उठून बघतो तर हातरूण मोकळं. मुंबईला दोन पत्रं टाकली, हितं आला न्हाई म्हनून उत्तर आलं." मग स्वतःशीच म्हणाले, "कायम झालं लेकरू. म्याच चुकलो."

देशमुख दारात उभे होते, ते बाहेर निघून गेले. मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो. मी मशीनवर कागद चढवला. "सांगा, रजेचं कारण काय लिहू? हॉकी सांगू नका आता!"

अप्पा म्हणाले, "भावाला भेटणे."

तो अर्ज मी टँकरच्या मागणीपत्रांच्या गठ्ठ्यात वरून तिसरा ठेवला. साहेब सह्या करत गेले. तिसऱ्या कागदाशी पेन क्षणभर थांबलं, मग पुढं गेलं. वाचलं असेल का, मला आजवर माहीत नाही. सही झाली हे खरं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकरच्या गाडीनं औशाहून आले आणि स्टँडवर त्यांना गाठलं. नांदेड गाडी लागलेली, तिथून पुढं रेल्वे. अप्पांच्या हातात एक पिशवी आणि तो लखोटा. रजिस्टर आदल्या संध्याकाळीच माझ्या मशीनशेजारी ठेवून गेले होते. कंडक्टर ओरडत होता, पण अप्पांचा पाय पायरीवर चढेना. मला म्हणाले, "एक इचारू का बाई? फारमावर सही केलीय, पर तारीख टाकायची राहिलीय. त्या दिवसाची टाकावं तर ते खोटं होतंय. आजची टाकावं तर लई उशीर दिसतोय."

मी म्हटलं, "आजचीच टाका अप्पा. उशीर झालाय तो झालाय, झाकून काय उपयोग?"

त्यांनी लखोट्यातून फॉर्म काढला, गाडीच्या पत्र्यावर धरला आणि आजची तारीख टाकली. मग पेनाचं टोपण लावता लावता थांबले, आणि तारखेशेजारी एक बारीक सही केली.