समुद्राकडं गेलेली वरात

"पंचफुले, ऐकून ठिव! आजपासून चालत वाजवायचं बंद! आता ष्टेज! खुर्ची! तोंडासमोर माईक! आन लोक गप बसून ऐकनार!"

पालमच्या सिताराम मास्तरांनी ही घोषणा केली तेव्हा पंचफुलाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"आन चालनार कोन मग? नवरदेव एकटाच?"

प्रश्न बरोबर होता. कारण सिताराम मास्तरांच्या 'दिलखुश ब्रास बँड'नं आख्ख्या तालुक्यातले नवरदेव मांडवापर्यंत पोचवले होते. मास्तर स्वतः क्लॅरिनेटवर. भर उन्हात लाल कोट, त्यावर सोनेरी झालर, आणि पुढं चालत राहायचं. त्यांनी पोचवलेल्यातले काही नवरदेव अजूनही त्यांच्याशी नीट बोलत नाहीत, पण त्यात मास्तरांचा काय दोष?

आता हे खुर्चीचं खूळ कुठून निघालं, ते सांगतो. मास्तरांची लेक पिंकी परभणीला दवाखान्यात नर्स. तिला देवगाव फाट्याकडचं लय चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा सुगत बँकेत, बाप धम्मानंद गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. पोराला पोरगी पसंत, पोरीला पोरगा पसंत. तेवढ्यात फोनवर गुरुजींनी विचारलं, "आपण काय करता?"

बँडवाला म्हणावं तर मुख्याध्यापक व्याही! मास्तरांची जबान सटकली.

"मी कलाकार हाय जी. ष्टेजवर असतो. बसून वाजवतो."

ते 'बसून' तोंडातून कसं निघालं, हे मास्तरांना आजपर्यंत कळलेलं नाही.  पलीकडून गुरुजी म्हणाले, "हं. एकदा बघायला यावं लागेल." झालं! पिंकीचं लग्न त्या 'हं'ला लटकून राहिलं.

अशा बेजार अवस्थेत मास्तरांच्या दारात शंभुराज उभा राहिला. शंभुराज म्हणजे पालमचे आडत दुकानदार गुरुसिद्धप्पा यांचा मुलगा. गोव्याला हॉटेलात नोकरी करून आला आणि येताना डोक्यात समुद्र घेऊन आला. नदीच्या बंधाऱ्याचं पाणी जिथपर्यंत फुगतं, तिथं घरची जमीन होती. त्यानं काठावर टिप्परनं वाळू पसरली, गवताच्या छत्र्या रोवल्या, ड्रमात नारळाची झाडं लावली आणि रस्त्याला बोर्ड ठोकला, 'सागरनाद संगीत महोत्सव.'

"पालमला समुद्र?" गुरुसिद्धप्पा ओरडले होते. "अरे, हितं प्यायला टँकर येतोय!"

"आप्पा, पानी हाय, वाळू हाय, वारं हाय. समुद्राला अजून काय लागतंय?"

"मीठ!" म्हणून आप्पा दुकानात निघून गेले.

तर हा शंभुराज मास्तरांना सांगू लागला. पुण्याहून दोन बँड येणार. एक रेगे वाजवणारा, जमैका नावाच्या बेटावरचं संगीत. दुसरा लॅटिन, ते सातासमुद्रापलीकडच्या अमेरिकेचं. "आन आपल्या मातीतला म्हनून एक बँड पायजे, मास्तर. तुमचा!"

मास्तरांना त्यातलं एकच कळलं होतं. "ष्टेज हाय?"

"हाय की!"

"खुर्च्या?"

"मास्तर, तुमाला गादीच्या खुर्च्या देतो!"

मास्तरांनी तिथल्या तिथं गुरुजींना फोन लावला. "शनिवारी या जी. समुद्रकिनारी कार्यक्रम हाय आमचा."

"समुद्रकिनारी? कुठं?"

"पालमला."

पुन्हा तेच. "हं."

शनिवारी दुपारी दिलखुश बँड टेम्पोतून उतरला, तर समुद्र गायब! खालच्या गावांना पाणी पायजे म्हणून बंधाऱ्याची दारं उघडली होती. पाणी पार लांब, एका वावराच्या पलीकडं सरकलं होतं. मधे नुसता काळा चिखल. वाळू, छत्र्या, नारळ आणि ष्टेज अलीकडं कोरडे ठणठणीत उभे. शंभुराज येईल त्याला सांगत होता, "ओहोटी हाय हो, ओहोटी! संध्याकाळी भरती येतीय!"

तेवढ्यात ष्टेजच्या मागून ट्रम्पेट वाजलं. मास्तरांनी कान टवकारले. ढोलवाला सूर्यभान तर लालबुंद.

"मास्तर, जालन्याची बँडपार्टी बोलावली वाटतं! आपली सुपारी त्यांला दिली ह्या शंभ्यानं!"

दोघं पडद्याआडून डोकावले. फुलाफुलांचे शर्ट घातलेली पुण्याची पोरं सराव करत होती. तोच लॅटिन बँड. आणि एकाच्या हातात चक्क खुळखुळा!

"अरे, खुळखुळा तर आपलाच हाय की!" सूर्यभान खूश झाला. दिलखुशचा खुळखुळेवाला तर जाऊन त्या पोराच्या गळ्यातच पडला. सातासमुद्रापार भाऊ भेटावा तसा!

मग रेगेवाले ष्टेजवर चढले. पाठीवर लोंबणाऱ्या जटा बघून गुरुसिद्धप्पांनी सवयीनं हात जोडले. वाजवायला लागले, तसा सूर्यभान हैराण.

"मास्तर, ह्यांचा ठेका पडायच्या जागी पडतच न्हाई. आपन पुढं गेल्यावर मागून पडतोय. मला माजं हात कुठं ठिवू ते कळंना!"

मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं आणि निदान केलं. "मांडवात सैपाक तयार नसला की वरात कशी रेंगाळती? तसलं वाजवायलेत. चांगलं हाय."

ऊन उतरलं तेव्हा धम्मानंद गुरुजी आले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, इस्त्री अशी की कागद कापावा. "जय भीम" झालं. पंचफुलाबाई आणि पिंकीच्या शेजारी, पहिल्या रांगेत, ते ताठ बसले.

आणि पुकारा झाला! दिलखुश ब्रास बँड ष्टेजवर! खुर्च्या खरंच गादीच्या होत्या, वर पांढरी खोळ, मागं बो बांधलेला. मास्तर बसले. जन्माचं सार्थक झालं असं त्यांना वाटलं. ते तसंच बसून राहिले.

समोर सगळे गप्प. मास्तरही गप्प.

आता काय करायचं? आजपर्यंत कुणीतरी आरोळी मारायचं, "वाजवा रे!" नवरदेवाचा मामा असायचा, घोडी असायची, फटाके असायचे. इथं मामा नाही, घोडी नाही, आणि हजारभर डोळे आपल्याकडंच लागलेले! बँडसमोर माणसं अशी चिडीचूप झालेली मास्तरांनी एकदाच बघितली होती, झरी गावच्या एका लग्नात नवरदेव पळून गेला तेव्हा.

"मास्तर, कुनी गेलं का?" सूर्यभान कुजबुजला.

"मला काय म्हाईत! तू वाजीव!"

"तुमी आधी!"

शंभुराजनं खालून हातवारे केले आणि बँड सुरू झाला. सुरू झाला म्हणजे काय, सांडला! मास्तरांचा श्वास आयुष्यभर डाव्या पायाला घेतलेला आणि उजव्या पायाला सोडलेला. पायच चालेनात तर श्वास कुठून घ्यायचा? क्लॅरिनेटमधून मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखा आवाज निघाला. सूर्यभानचा ढोल मांडीवर घसरायला लागला. गाणं एकच होतं, पण कुणी अजून बसस्टँडवर होतं, तर कुणी मांडवात पोचून जेवायला बसलं होतं!

पहिल्या रांगेत गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पिंकी पायाकडं बघायला लागली. पंचफुलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

'गेलं! पोरीचं लग्न माज्यापायी गेलं!' मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते दिसू नये म्हणून डोळे घट्ट मिटले. आणि त्याच वेळी त्यांचा उजवा पाय आपोआप हलला.

एक सूर जागेवर आला. मास्तर उभे राहिले. दुसरा सूर आला. एक पाऊल टाकलं, तर ढोल ठेक्यात! मग काय, पायांनी मास्तरांना विचारलंच नाही. ष्टेज संपला, पायऱ्या आल्या, मास्तर उतरले. मागून सूर्यभान, ट्रम्पेट, ताशा, खुळखुळा, सगळी फौज. आणि वाजलं! असं वाजलं की छत्र्यांवरचं गवत थरथरलं!

आता शेजारून बँड चाललाय आणि परभणीचा माणूस खुर्चीत बसून राहिलाय, असं कधी झालंय का? सगळे उठले. बायका उठल्या. लॅटिनवाल्यांची ट्रम्पेटं येऊन मिळाली, खुळखुळ्याला खुळखुळा भिडला. रेगेवाला जटाधारी गिटारची वायर उपटून धावत आला. आवाज कुठला येणार, पण वाजवत होता बिचारा! एकटा शंभुराज माईकवर ओरडत राहिला, "कृपया जागेवर बसा! कार्यक्रम ष्टेजवर हाय! ष्टेजवर!" ष्टेजवर त्याच्याशिवाय कुणीच नव्हतं.

मास्तरांचे डोळे अजून मिटलेलेच. वरातीत रस्ता दाखवायला नवरदेवाचा मामा असतो. इथं मामा नव्हता, म्हणून पाय आपले उताराकडं निघाले. आधी वाळू लागली. मग काहीतरी मऊ लागलं. मास्तरांना वाटलं, गालिचा अंथरलाय, बडं लग्न दिसतंय.

"मास्तर, चिखल!" सूर्यभान ओरडला.

पण मांडव आल्याशिवाय थांबायचं नाही, हा दिलखुशचा कायदा. चिखल घोट्याला आला, पोटऱ्यांना आला, तरी बँड चाललाच. शेवटी गार पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा मास्तर थांबले आणि त्यांनी डोळे उघडले.

पुढं पाणी. पाण्यावर बुडता सूर्य. मागं आख्खा महोत्सव चिखलात नाचायलेला! धोतर खोचून गुरुसिद्धप्पा हसत होते, "शंभ्या, आता लागला बघ तुजा समुद्र!"

आणि मास्तरांच्या शेजारी धम्मानंद गुरुजी. पांढरी पँट गुडघ्यापर्यंत काळी. एक बूट हातात. दुसरा कुठंय ते चिखलालाच ठाऊक.

मास्तरांनी क्लॅरिनेट खाली केलं. "गुर्जी, माफी असावी. मी ष्टेजचा मानूस न्हाई. मी खोटं बोललो. वरातीतला बँडवाला हाय मी. चालल्याबिगर मला वाजतच न्हाई. पन पोरीला बोल लावू नका."

गुरुजी धापा टाकत होते. "मग हे आधी का नाही सांगितलं? अहो, ष्टेजचा कलाकार म्हटल्यापासून आमच्या घरात झोप नाही! सुगतची आई म्हणते, असली माणसं कधी घरी असतात, कधी नसतात, कसला संसार आणि कसलं काय! बँडवाला म्हणाला असतात तर त्याच दिवशी पेढे वाटले असते!"

"म्हंजी?"

"म्हणजे सुगतच्या वरातीला बँडच मिळंना मला! जिकडं तिकडं डीजे. त्या दणदण्यानं माझी छाती धडधडते. स्थळ पक्कं, मास्तर. पण एक अट."

मास्तरांचा श्वास अडकला. डावा पाय उचलून घ्यावा लागला.

"वरातीपुढं तुम्हीच वाजवायचं."

"मंजूर!" मास्तर ओरडले, आणि सूर्यभाननं पाण्यातच ढोलावर थाप मारली.

घरी येऊन पाय धुताना पंचफुलाबाईंच्या ध्यानात आलं. "आवं, पन नवरीचा बाप मांडवाच्या दारात उभा असतोय. वरातीपुढं न्हाई!"

मास्तर गोंधळले. दुसरा पाय धुतला. मग म्हणाले, "दोनीकडं राहतो की. त्यात काय!"

लग्नाच्या दिवशी बसस्टँडवरून वरात निघाली. पुढं लाल कोटात मास्तर, असे वाजवत होते की दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर आले. वरात दारात आली आणि अडली. गुरुजी हार घालून घ्यायला मान पुढं करून उभे. हार घालणारा कुठंय?

"नवरीचा बाप कुठंय?" कुणीतरी ओरडलं.

"वाजवायलाय!" आतून पंचफुलाबाई ओरडल्या.

मास्तरांनी क्लॅरिनेट बगलेत मारलं, गर्दीतून घुसून दाराच्या आतल्या बाजूला गेले, वळले, "या जी, या!" म्हणून गुरुजींना हार घातला, मिठी मारली. मग ध्यानात आलं की वरात अजून बाहेरच आहे. पुन्हा घुसून बाहेर आले आणि वाजवत वाजवत आत आले. स्वतःचंच स्वागत करायचं तेवढं राहिलं!

बुद्धवंदना झाली, फुलं पडली, लग्न लागलं. ष्टेजवर फोटोची गडबड सुरू झाली. तिथं नवरीच्या बापासाठी लाल मखमलीची खुर्ची ठेवलेली. खुद्द पंचफुलाबाईंनी सांगून ठेवलेली. मास्तर पायरी चढणार, इतक्यात मंडपवाल्याच्या माणसानं कोटाची झालर धरली.

"ओ बँडवाले! वर न्हाई जायचं. फोटो खराब होतेत. तुमचं जेवन तिकडं, मागं."

'अरे बाबा, नवरीचा बाप हाय मी!' असं मास्तरांना म्हणायचं होतं. पण 'तिकडं, मागं' हे शब्द इतक्या लग्नांत ऐकलेले, की ते बोलेपर्यंत पाय वळून निघालेसुद्धा होते.

पंचफुलाबाई शोधत शोधत सैपाकाच्या तंबूमागं आल्या. तिथं लाल कोटांची रांग जेवत होती. रांगेच्या शेवटी, प्लास्टिकच्या खुर्चीवर, मास्तर. हातात जिलबी.

"आवं! तिकडं फोटोवाला खोळंबलाय, पोरगी रडायलीय, आन तुमी हितं?"

"पंचफुले," मास्तर समाधानानं म्हणाले, "बघ. खुर्ची दिली त्यानं. बसलोय मी. कोनी ऊठ म्हनायलं न्हाई."

"मी म्हनायले! उठा! ष्टेजवर चला!"

मास्तर उठले. कोट झटकला. ष्टेजकडं तोंड केलं. आणि तिथंच उभे राहिले.

"आता काय झालं?"

मास्तरांनी ओशाळून मागं बघितलं. "सूर्यभान, जिलबी ठिव खाली. ढोल घे. त्याच्याबिगर माजं पाऊलच उचलंना!"