बाफल्यात अडकलेली वकिली

पायरियाने माझ्या हिरड्या पोखरल्या, पण माझा कणा नाही! देवासचे आमचे दातांचे डॉक्टर गणपतराव म्हणाले, "उरलेले दात काढू, हिरड्या बऱ्या होऊ देऊ, मग अख्खी कवळी बसवू."

"कवळी म्हाताऱ्यांना! भिंतीत खुंटी ठोकतात तसे जबड्यात पक्के दात ठोका!"

"वकीलसाहेब, खुंटीला आधी भिंत लागते. तुमच्या भिंतीचा तर नुसता चिखल झालाय!"

मी ऐकतो होय? रविवारी धारचे कृष्णराव आमच्या लतिकेला मुलासाठी बघायला येणार होते. बोळक्या तोंडाने व्याह्यांशी बोलणी करू? छट्! भांडभांडून मी पुढे नकली दात लावून घेतले, शेजारच्या हलत्या दातांना तारेने बांधून!

"निदान मऊ खा हो," डॉक्टर कळवळले.

रविवारी पानात दाल-बाफले, कणकेचे उकडून भाजलेले टणक गोळे! ही कानाशी कुजबुजली, "थांबा, कुस्करून देते."

मला कुस्करून? व्याह्यांदेखत? तुपात निथळणारा अख्खा बाफला उचलला आणि दणकून चावा घेतला. कट्ट! नकली दात, तार आणि तारेला धरून असलेले अस्सल दात, सगळी पंगत बाफल्यासकट तोंडात मोकळी! ओठ उघडले तर अब्रू थेट पानात. मी तोंड घट्ट मिटलं.

"मग, लग्न धारला करू," कृष्णराव म्हणाले.

मी गप्प. कळ मस्तकात गेलेली, डोळे लालबुंद.

ते चपापले. "बरं, बरं, इथे देवासला करू. पण लग्नानंतर मुलीनं शाळेतली नोकरी सोडायची हं."

नेमकी तेव्हाच तार हिरडीत रुतली! मी पाटावर अशी मूठ आपटली की आमटीची वाटी उलटली.

"अहो भिया, नाराज मत होना!" कृष्णराव पाटावरून अर्धे उठले. "करू दे नोकरी! धारलाही शाळा आहेत!"

आतून लतिकेचा खणखणीत आवाज आला, "मग मला पसंत आहे!"

मी मान हलवली. एवढंच शक्य होतं.

निघताना कृष्णराव हिला म्हणाले, "असा करारी, मितभाषी माणूस अख्ख्या मध्यभारतात सापडायचा नाही!"

पुढे दात सगळे काढले, हिरड्या भरल्या, कवळीही झाली. पण मी नमलेलो नाही! लग्नात असा बोलेन, की मांडव दणाणेल!

कवळी तेवढी हिच्या कपाटात आहे. किल्ली मागितली, तर म्हणते, "अक्षता पडू देत. मग घाला."