पाठीवरचा पर

शरयू ओरांडा जातीची गोल्डफिश झाल्याची सूचना मंगळवारी आली. दूधवाल्याची वाट पाहत मी दारातच उभा होतो, त्यामुळे पोस्टमनला बेल वाजवावी लागली नाही. तिला जाऊन चार महिने झाले होते. पत्नीस आठ दिवसांत ओळखून घेऊन जावे, अन्यथा बागेतल्या तळ्यात सोडण्यात येईल, असं पत्रात होतं. नात्यातला एक साक्षीदार हवा होता. तिच्या भावाला, श्रीरंगला, रजा आठव्या दिवशी मिळाली.

नोंदणी कचेरीतल्या टाकीत तीन मासे होते.

"दुहेरी शेपटी, डोक्यावर मांसल टोपडं, पाठीवर पर. तिन्ही दिसलं की ओरांडा," तिथल्या कारकून आवटीबाई अर्ज पुढं सरकवत म्हणाल्या. "पर नसला तर लायनहेड. नुसतं बघून वाटलं, हे चालत नाही. लोक रडतात आणि भलताच मासा नेतात."

काचेकडे पाठ करून कोपऱ्यात थांबलेला मासा मी दाखवला.

"हिला पर कुठंय?"

"आहे. मिटून घेतलाय."

"उभा दिसल्याशिवाय लिहिता येत नाही."

"दाजी, ती मधली बघा," श्रीरंग म्हणाला. "पर कसा ताठ आहे. ताईचाच तोरा."

"तुझ्या ताईला तोरा नव्हता."

"तुमच्यासमोर नसेल."

मतभेदासाठी अर्जात वेगळा रकाना आहे, असं आवटीबाईंनी सांगितलं.

आम्ही बाकावर बसलो. श्रीरंगनं काचेवर टिचकी मारायला बोट उचललं, तेव्हा बाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. त्यानं बोट खिशात घातलं. साडेपाचला त्यांनी तळ्यासाठीची बादली आणि जाळी काढली. कचेरी पावणेसहाला बंद होत असे.

मी टाकीजवळ वाकलो. घराबाहेर पडलं की शरयू पहिलं काय विचारायची, ते आठवलं.

"गॅस बंद करून आलोय," मी म्हणालो. "खालून रेग्युलेटरसुद्धा."

ती थोडी वळली. पाठीवरचा पर हळूहळू वर आला आणि उभा राहिला.

"दिसला," म्हणून आवटीबाईंनी पराचा रकाना भरला. श्रीरंगनं दुसरीकडे पाहत सही केली.

रिक्षात पाण्याची पिशवी मी दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती. पर उभाच होता.

घरातून निघताना मी गॅस पाहिलाच नव्हता.